ज्वालामुखी, नग एक

आता मी जे सांगणार आहे त्यावर एकाही माणसाचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच माझी इच्छा आहे. लोकांचा विश्वास बसायला लागला की ते पुरावे मागतात. माझ्याजवळ पुरावा म्हणाल तर एक लाकडी कंपास आहे. फळ्यावर वर्तुळं काढायचा, हातभर लांबीचा. निवृत्तीच्या दिवशी शाळेने मला तो समारंभपूर्वक दिला. त्याच्या टोकाने पाठ फार सुरेख खाजवता येते. चाळीस वर्षांच्या सेवेचं याहून मोठं चीज कुठल्या शाळेने केलं असेल तर कळवा.

गेल्या रविवारी दुपारी मी पाठ खाजवत बसलो होतो आणि माझी नात जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. तिला हायस्कुलात शिक्षिका म्हणून लागून जेमतेम पाच आठवडे झालेत. नववीचा भूगोल तिच्याकडे आहे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, हिचे चारच टिकले. पाचव्या दिवशी मुख्याध्यापिकेने वर्षभराचं नियोजन मागितलं. कुठल्या तारखेला, कितव्या तासाला काय शिकवणार, ते शिकून मुलांचं काय भलं होणार, आणि ते शिकवायला साधन कोणतं वापरणार. मुलं त्या दिवशी वर्गात असतील का, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

पोरीने नियोजन दोनदा पाठवलं. दोनदा परत आलं. शेरा दोन्ही वेळा तोच: 'साधनांत नावीन्य हवे.' तिसरी आणि शेवटची मुदत सोमवार सकाळ. नोकरी अजून कच्ची होती. तिसऱ्यांदा परत आलं तर ती पक्की होणार नाही, हे मुख्याध्यापिकेने तिला गोड हसून सांगितलं होतं.

लॅपटॉपशेजारी एक कोरा कागद होता. कोरा म्हणजे अगदी कोरा नाही. वर डाव्या कोपऱ्यात तिच्या हातचं एकच अक्षर, म्हणजे एकच शब्द होता: 'महोदया,'. खाली काही नाही. जी मुलगी सख्ख्या मावशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा अंगठ्याने देते, ती रविवारी दुपारी शाईच्या पेनाने वळणदार 'महोदया' लिहिते, तेव्हा ती दोन दिवसांची रजा मागत नसते. असे कागद मी पाहिलेत. ते एकदा पूर्ण झाले की परत कोरे होत नाहीत.

सूनबाईने स्वयंपाकघरातून मला खुणावलं की बाबा, तिच्याशी बोलू नका, ती कामात आहे. म्हणून मी लगेच उठून तिच्यासमोर जाऊन बसलो.

घोडं ज्वालामुखीपाशी पेंड खात होतं. तास एकेचाळिसावा, घटक ज्वालामुखी, साधनाचा रकाना रिकामा आणि लालभडक. हल्ली रकाना रिकामा ठेवला तर यंत्र स्वतःच लाल होतं. आमच्या वेळी हे काम मुख्याध्यापक करत.

"मला विचार," मी म्हणालो. "मी एकेचाळिसाव्या तासावर नोकरी पक्की केलेला माणूस आहे."

"आजोबा, मला वेळ नाहीये."

"मग ऐकू नकोस. तू टाइप कर. मी माझ्या पाठीला सांगतो."

आणि मी पाठीला सांगायला लागलो.

मी तेवीस वर्षांचा असताना हायस्कुलात लागलो तेव्हा मलाही नववीचा भूगोल दिला होता. आधीचे भूगोलाचे गुरुजी निवृत्त झाले होते आणि जाताना शाळेतला एकमेव नकाशा गुंडाळून घरी घेऊन गेले होते, कारण त्यांच्या मते तो त्यांना पाठ होता आणि इतर कुणाला कळला नसता. मुख्याध्यापकांचं नाव मुलांनी रकानेसर ठेवलं होतं. खरं नाव त्यांच्या घरच्यांना ठाऊक असावं. रकानेसरांनी पहिल्याच दिवशी माझ्यापुढे चादरीएवढा एक तक्ता अंथरला. त्याला तेरा रकाने. "एकही रकाना कोरा राहता कामा नये," ते म्हणाले. "कोरा रकाना म्हणजे कोरा शिक्षक. कोऱ्या शिक्षकाला ही संस्था कायम करत नाही."

मी आधीच्या गुरुजींचा जुना तक्ता मागवून पाहिला. त्यांनी उद्दिष्टाच्या रकान्यात एकशे साठ वेळा 'विद्यार्थ्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणे' असं लिहिलं होतं. तीस वर्षं दरवर्षी ते रुजवत होते. उगवलेला कुणी पाहिला नव्हता. साधनाच्या, म्हणजे नवव्या रकान्यात एकशे साठ वेळा 'खडू, फळा'. खाली शिक्का होता: 'पाहिले'. शाळेत 'वाचले' असा शिक्काच नव्हता, कारण तो वापरायची वेळ कधी आली नव्हती.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? तारीख बदलून तोच तक्ता उतरवून काढला असता आणि दुपारी झोपला असता. पण मी ताजा पदवीधर. मला वाटलं, साधन म्हणजे साधन. नदी शिकवायची तर नदी हवी. मी नवव्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहीत गेलो. तास अठरा, नदीचे कार्य: नदी, नग एक. तास सत्तावीस, वाळवंट: वाळवंट, लहान, नग एक. तास एकेचाळीस, ज्वालामुखी: ज्वालामुखी, मध्यम आकाराचा, नग एक. माझी गंमत अशी होती की कुणी वाचतच नाही, तर निदान मला तरी लिहिताना हसू यावं.

रकानेसरांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. ते अक्षरं बघत नसत, अक्षरांमधला पांढरा रंग शोधत. पांढरा कुठे सापडला नाही. त्यांनी 'पाहिले' मारलं, आणि "मुलगा होतकरू आहे" असं मला ऐकू जाईल इतपत हळू आवाजात कारकुनाला सांगितलं.

नातीने मान वर न करता विचारलं, "मग?" बोटं थांबली होती, तेवढं माझ्या लक्षात आलं. मी पाठीला सांगत राहिलो.

शाळेत नियोजन वाचणारा एक माणूस होता हे मला ठाऊक नव्हतं. भांडार सांभाळणारे. खडूपासून घंटेपर्यंत शाळेतली प्रत्येक वस्तू ते नगावर मोजत, म्हणून त्यांना सगळे नगोबा म्हणत. घरी मुलं किती विचारलं तरी 'तीन नग' सांगायचे. प्रत्येक नियोजनाची दुसरी प्रत त्यांच्याकडे जायची, आणि ते तिच्यातला फक्त नववा रकाना वाचायचे. तीस वर्षं त्यांनी खडू आणि फळा वाचला होता. माझा तक्ता हातात पडल्यावर त्या माणसाच्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी घडलं.

ते शिक्षकांच्या खोलीत आले, कानावरची पेन्सिल काढली आणि मला विचारलं, "सर, ज्वालामुखी चालू हवा की बंद?"

मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हणालो, चालूच द्या. त्यांनी लिहून घेतलं. नगोबांनी जन्मात कधी थट्टा केलेली नाही हे मला शेजारच्या बाईंनी नंतर सांगितलं. तोवर हात दाखवून अवलक्षण झालं होतं.

मी धावत रकानेसरांकडे गेलो आणि म्हणालो, नववा रकाना जरा बदलून देतो. त्यांनी मला मायेने समजावलं की शिक्का बसलेलं नियोजन बदलायचं तर ते चुकलं होतं असं लिहावं लागेल, चुकलेल्यावर शिक्का कसा बसला ते लिहावं लागेल, आणि शिक्का कुणी मारला तेही लिहावं लागेल. "या शाळेत नियोजन चुकत नाही," ते म्हणाले. "शिक्षक चुकू शकतो. कच्चा असेल तर त्याला बदलताही येतं. तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. घरी मी आईवडिलांना आधीच सांगून बसलो होतो की नोकरी पक्की झाली. वडील चार घरी ते सांगून आले होते. आता मूग गिळून वर्ष काढायचं, एवढंच हातात होतं.

तर अठराव्या तासाला नदी लागायची होती. योगायोगाने त्याच आठवड्यात शाळेचा पाण्याचा नळ मागच्या बाजूला फुटला. नळवाला दुरुस्तीला आला, तर नगोबांनी त्याला फाटकातून परत पाठवलं. म्हणाले, ही नदी आहे, विसाव्या तासापर्यंत लागणार आहे, नंतर या. नळवाला नंतर लवकर फिरकलाच नाही, आणि तीन आठवडे ती नदी मैदानातून वाहिली. वळणं घेतली, काठ कापले, आणि फाटकाशी असा काही त्रिभुज प्रदेश तयार केला की रकानेसरांची सायकल त्यात दोनदा रुतली. मुलांना नदी इतकी कळली की पुढे परीक्षेत एकाने उत्तराऐवजी चिखलाचा ठसा दिला, आणि मला त्याला पूर्ण गुण द्यावे लागले.

वाळवंट त्यामानाने सोपं गेलं. दोन गाड्या वाळू आली. मैदानाच्या कोपऱ्यात तिचं लहान वाळवंट केलं, तास झाला, आणि दुसऱ्या दिवशी खेळाचे सर त्यावर लांब उडी घ्यायला लागले. ते वाळवंट अजून तिथे आहे. शंका असेल तर जाऊन पाहा. लोक त्याला उडीचा खड्डा म्हणतात, पण लोकांना भूगोल कुठे कळतो.

"आणि ज्वालामुखी?" नात म्हणाली. सूनबाई चहाचे कप ठेवून गेली होती. पोरीने हातातला कप जवळ जे काही सपाट होतं त्यावर ठेवला. ते 'महोदया' होतं. मी पाहिलं, पण ताकास तूर लागू दिली नाही.

ज्वालामुखीसाठी नगोबांनी रीतसर तीन दरपत्रकं मागवली. पहिलं आलं मंडपवाल्याचं: बांबू आणि कापडाचा देऊ, आत माणूस बसून शेगडी पेटवेल, माणसाचं जेवण शाळेकडे. दुसरं वीटभट्टीवाल्याचं: धूर हवा तितका देऊ, लाव्ह्याचं बघावं लागेल. तिसरं एका प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याचं. त्याने फक्त विचारलं होतं की आपण बरे आहात ना. नगोबांनी तिन्ही फायलीला लावली आणि मला सांगितलं की निर्णय वरच्या पातळीवर आहे. कामं वरच्या पातळीवर गेली की खाली येत नाहीत, हे मला तोवर कळलं होतं. मी निश्चिंत झालो.

आणि बरोबर एकेचाळिसाव्या तासाच्या दिवशी तपासणीचे साहेब आले.

साहेब म्हणजे पोट आधी, साहेब मागून. डोक्यावर केस नाहीत, चेहऱ्यावर मत नाही. त्यांच्या हाती त्या दिवशी दोन गोष्टी होत्या: माझं नियोजन, आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं त्याचा कागद. त्यांनी खुर्चीत बसून तक्ता उघडला, तारखेवर बोट ठेवलं आणि ते सरळ आडवं सरकवत नवव्या रकान्यापर्यंत आणलं. वाचलं. पुन्हा वाचलं. त्या शाळेच्या इतिहासात नियोजन दोनदा वाचणारा तो पहिला माणूस.

"ज्वालामुखी," ते म्हणाले. "चला, दाखवा."

रकानेसरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना कधी भेटलोच नव्हतो. नगोबा मात्र वही आणि पेन्सिल घेऊन तयार. त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. आयुष्यात ज्यांनी माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला असे ते एकटेच, आणि पुढे त्यांचं चांगलंच झालं, हे सगळ्यांनी ध्यानात घ्यावं.

मी बावन्न मुलांना घेऊन मैदानात गेलो. मागे साहेब, साहेबांमागे रकानेसर. दाखवायला माझ्याकडे काय होतं? हातात हाच कंपास होता, आणि खिशात खडू. वेळ काढायचा म्हणून मी जमिनीवर कंपासाने वर्तुळ आखलं. चांगलं काटेकोर, मध्यबिंदू वगैरे देऊन. मुलांना म्हणालो, याच्या आत कुणी यायचं नाही. मग वेळ काढायचा म्हणून बोलायला लागलो. खाली काय असतं, ते तापतं कसं, त्याला वर यायचं असतं पण जागा मिळत नाही, वर सगळे शिक्के मारून बसलेले असतात. मी इतकं जीव तोडून याआधी कधी बोललो नव्हतो. एकही मूल जांभई देत नव्हतं. साहेबसुद्धा नाही.

आणि मला पायाला ऊब लागली.

आधी वाटलं, भीतीने. मग पाहिलं तर वर्तुळाच्या मधोमध जमीन फुगत होती. आधी उपड्या वाटीएवढी, मग पातेल्याएवढी, मग शिक्षकाच्या टेबलाएवढी. बघता बघता रकानेसरांच्या डोक्याच्या वर गेली. सुंदर शंकू झाला. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, पायथ्याशी कोन साठ अंशांचा, ना एक कमी ना एक जास्त.

इथे नातीने लॅपटॉपवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मी अंश सोडून पुढे गेलो.

वरून 'फुस्स' झालं. धूर निघाला. मग लाव्हा आला, दाट, केशरी, संथ. पण शाळेतला ज्वालामुखी तो, शिस्तीतला. लाव्हा उतरत उतरत खडूच्या रेघेपर्यंत आला आणि तिथे थांबला. रेघ ओलांडली नाही. माझ्या वर्गातली चार मुलं ती रेघ ओलांडायला निघाली होती, त्यांना मी तिथल्या तिथे लाव्ह्याचं उदाहरण घालून दिलं. राख उडाली ती थेट साहेबांच्या डोक्यावर बसली. त्यांना तिथे काही असण्याची सवय नव्हती, त्यामुळे ते जरा तरुण दिसायला लागले.

मग घंटा झाली. पस्तीस मिनिटांचा तास संपला. ज्वालामुखी बंद पडला.

साहेबांनी डोकं झटकलं, पेन काढलं आणि उभ्याउभ्या शेरा लिहिला: 'साधनाचा वापर समाधानकारक. मात्र धूर विद्यार्थ्यांच्या दिशेने येणार नाही याची दक्षता घ्यावी.' खाली माझ्या कायमपणाच्या कागदावर सही. मग नगोबांकडे वळून विचारलं की वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली का. नगोबांनी वही पुढे केली. नोंद आधीच झाली होती: 'ज्वालामुखी, मध्यम, नग एक. सध्या विझलेला. कपाटात मावत नाही.' पुढच्याच महिन्यात त्यांना बढती मिळाली.

रकानेसरांनी त्यानंतर सगळ्या शिक्षकांना माझा नववा रकाना आदर्श म्हणून दाखवला. पुढच्या वर्षी भाषेच्या बाईंनी 'कवी, नग दोन' मागवले आणि इतिहासाच्या सरांनी 'लढाई, मध्यम आकाराची'. कवी वेळेवर आले आणि लढाईही त्यांच्यातच झाली, त्यामुळे वेगळी मागवावी लागली नाही.

माझं सांगून झालं होतं. मी कंपासाने पाठीचा राहिलेला भाग उरकायला घेतला. नात मात्र भराभर टाइप करत होती. एकेचाळिसावा तास कधीच मागे पडला होता. ती साठाच्या पुढे, वाऱ्यांवर पोचली होती, आणि रकान्यांमधला लाल रंग वरून खाली एकेक करून जात होता. 'महोदया'वर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलं होतं. तिने तो कागद उलटा केला आणि पाठीमागे नदीचा उतार कसा करायचा त्याची आकृती काढली: एक फळी, खाली दोन विटा, वर वाळू, आणि मुलांनी ओतायच्या तांब्याभर पाण्याचा बाण.

मी विचारलं, ज्वालामुखीचं काय लिहिलंस. तिने पडदा माझ्याकडे फिरवला. तास एकेचाळीस, साधनाचा रकाना: 'आजोबा, मध्यम आकाराचे, नग एक. चालू.'

मी जरा फुगलोच. म्हणालो, मुख्याध्यापिका मान्य करेल का हे.

"नावीन्य मागितलंय ना, घेईल," ती म्हणाली. "सांगा तुम्ही माझ्या वर्गाला हीच गोष्ट. नदी, नगोबा, साहेबांचं डोकं, सगळं तसंच असू दे. पण कंपास घरी ठेवून या. माझी मुलं हुशार आहेत, एक मिनिटात विचारतील."

"काय विचारतील?"

"हेच, की भूगोलाच्या शिक्षकाला निवृत्तीला कंपास कोण देतं. आजोबा, तुम्ही चाळीस वर्षं गणित शिकवलंत."